जिरोना : ओन्यारकाठचे चार दिवस

बार्सिलोना पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी जिरोनाला सकाळच्या गाडीने येतात, ओन्यार नदीकाठच्या रंगीत घरांची छायाचित्रे काढतात, कॅथेड्रलच्या पायऱ्या चढतात आणि संध्याकाळी परततात. आम्हीही तसेच करणार होतो. बार्सिलोनात सात वर्षे राहिलेल्या आणि तेथील भाषा उत्तम बोलणाऱ्या माझ्या पुतणीने मात्र तिच्या ओळखीच्या एका मार्गदर्शक बाईंना दूरध्वनी केला, आणि त्यांनी पहिलाच सल्ला दिला तो असा, की एका दिवसासाठी येणार असाल तर येऊ नका, रात्री मुक्काम करणार असाल तरच या. आम्ही चार दिवस राहिलो. २०२४ च्या एप्रिलमध्ये, सान्त जॉर्दीचा, म्हणजे एकमेकांना गुलाब आणि पुस्तके देण्याचा, सण धरून केलेल्या त्या मुक्कामाचा हा वृत्तान्त आहे. त्यात बाईंनी दिलेल्या सूचना जागोजागी येतील, कारण त्या नसत्या तर आम्ही हे शहर पाहूनही आम्हाला ते दिसले नसते.

पहिला दिवस : शनिवार, २० एप्रिल

बार्सिलोनाच्या सान्त्स स्थानकातून अतिवेगवान गाडी जिरोनाला अवघ्या ३८ मिनिटांत पोहोचते. साध्या गाडीला सव्वा ते दीड तास लागतो, पण तिचे तिकीट स्वस्त असते आणि आधी आरक्षण करावे लागत नाही. आम्ही साध्या गाडीने गेलो आणि डबा सोडला तेव्हा बाई फलाटाबाहेर उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, निवृत्त शाळाशिक्षिका, जन्माने आणि वास्तव्याने जिरोनाच्याच. स्थानकाबाहेर पडता पडता त्यांनी मला एका पाटीसमोर थांबवले आणि शहराचे नाव मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले. मग त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी या पाटीवर 'खेरोना' असे स्पॅनिश नाव असे. घरात आम्ही जिरोना म्हणत होतो आणि शाळेच्या वहीवर खेरोना लिहीत होतो."

त्या पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितले ते पुढच्या चारही दिवसांची किल्ली ठरले. जिरोनाची भाषा कॅटलान, आणि ती स्पॅनिशची बोली नव्हे. स्पॅनिश, फ्रेंच आणि इटालियन यांच्यासारखीच ती लॅटिनपासून स्वतंत्रपणे घडलेली भाषा आहे, आणि तिचे लेखी साहित्य मध्ययुगापासून चालत आले आहे. बार्सिलोना आणि जिरोना ज्यात येतात त्या स्पेनच्या कॅटालोनिया प्रांताखेरीज ती वालेन्सियात, बालेआरिक बेटांवर, फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या परिसरात आणि सार्डिनिया बेटावरच्या आल्गेरो या एका शहरातही बोलली जाते. आन्दोरा या छोट्या देशाची तर ती एकमेव राजभाषा आहे. १९३९ मध्ये स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली आणि शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रे यांतून तिला हद्दपार करण्यात आले. बाईंचे सगळे शिक्षण स्पॅनिशमधून झाले. आईशी ज्या भाषेत बोलत होत्या त्या भाषेत पत्र कसे लिहायचे, हे त्या वयाच्या विशीनंतर, रात्रीच्या वर्गात शिकल्या. १९७५ मध्ये फ्रँको गेला, १९७९ मध्ये कॅटालोनियाला स्वायत्तता मिळाली, १९८३ मध्ये शाळांत कॅटलान परत आणणारा कायदा झाला, आणि ज्या भाषेत आपल्याला लिहिता येत नव्हते तीच भाषा त्या पुढे आयुष्यभर मुलांना लिहायला शिकवत राहिल्या. मराठीला कोणी हिंदीची बोली म्हटले तर आपल्याला काय वाटते ते मला ठाऊक आहे; त्यामुळे त्यांचे म्हणणे समजायला मला फार स्पष्टीकरण लागले नाही.

म्हणून त्यांची पहिली व्यावहारिक सूचना शब्दांची होती. दुकानात, उपाहारगृहात, बसमध्ये शिरताना दुपारपर्यंत "बोन दिया" आणि नंतर "बोना तार्दा" म्हणावे, निघताना "आदेउ" म्हणावे. "कृपया" यासाठी "सिस प्लाऊ". आभार मानायला "ग्रासिएस" आहेच, पण लोक सर्रास "मेर्सी" म्हणतात. एवढे पाच शब्द पुरतात. पुढचे संभाषण स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत झाले तरी कोणाची हरकत नसते. न अभिवादन करता थेट वस्तू मागणे मात्र तेथे उद्धटपणाचे मानतात.

सामान मुक्कामी टाकून आम्ही देवेसा या उद्यानात गेलो. उंच, सरळ वाढलेल्या प्लेन वृक्षांच्या रांगांखाली तेथे मंगळवारी आणि शनिवारी बाजार भरतो. टांगून ठेवायच्या टोमॅटोंच्या माळा मी तेथेच प्रथम पाहिल्या. जाड सालीचे, लहान, फिकट लाल टोमॅटो दोऱ्यात ओवून ठेवतात आणि ते हिवाळाभर टिकतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते दृश्य घरचे वाटेल. कॅटलान जेवणाचा पाया असलेला "पा आम्ब तुमाकेत" म्हणजे टोमॅटो लावलेला पाव याच टोमॅटोंचा होतो. पाव भाजायचा, हवा असेल तर त्यावर लसूण घासायचा, मग अर्धा कापलेला टोमॅटो पावाला साल उरेपर्यंत घासायचा, मीठ भुरभुरायचे आणि शेवटी ऑलिव्हचे तेल सोडायचे. टोमॅटोचा आयता लगदा चमच्याने पसरून देणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका, असे बाईंनी अत्यंत गंभीरपणे सांगितले आणि मी ती सूचना तितक्याच गंभीरपणे येथे नोंदवतो.

जेवणाच्या वेळांबद्दलही सांगायला हवे. दीडच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही, साडेतीननंतर ते बंद होते, रात्रीचे जेवण साडेआठच्या पुढे. लहान दुकाने दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. कामाच्या दिवशी दुपारी "मेनू देल दिया" मागावा. दोन पदार्थ, गोड, पाव आणि पेय असे ठरलेल्या किमतीचे जेवण त्यात मिळते आणि स्थानिक लोकही तेच घेतात. आमच्यासारख्या शाकाहारी लोकांना "सेन्से कार्न", म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द अत्यावश्यक आहेत, कारण बेदाणे आणि पाइनच्या बिया घालून परतलेल्या पालकातही कित्येकदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. विस्तवावर भाजून सोललेल्या वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा यांची "एस्कालिवादा" मात्र निःशंकपणे मागवावी. भरताच्या वांग्याचा तो धुरकट वास तिला असतो.

दुपारी ओन्यार नदीवर आलो. जिरोना चार नद्यांचे शहर आहे. ओन्यार, तेर, ग्वेल आणि गालिगान्स यांपैकी ओन्यार जुन्या आणि नव्या शहरामधून वाहते. त्या वर्षी कॅटालोनियात भीषण दुष्काळ होता. फेब्रुवारीत पाणीटंचाईची आणीबाणी जाहीर झाली होती. ज्या प्रतिबिंबांसाठी हे पात्र प्रसिद्ध आहे ती ठिकठिकाणी तुटली होती आणि मधूनमधून दगडगोटे दिसत होते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यांची आठवण झाली. पात्राच्या कडेला थेट भिंती उभारलेली ती पिवळी, गेरूच्या रंगाची, विटकरी, फिकट हिरवी घरे सुंदर आहेत. पण हे रंग प्राचीन नाहीत, १९८० च्या दशकात कलावंत आणि वास्तुविशारदांनी रंगांचा एक ठरावीक संच करून घरांना ते दिले, हे बाईंनी स्पष्ट केले. त्याआधी ही घरांची मागची, दुर्लक्षित बाजू होती. या घरांपैकी एक, राफाएल मासो या जिरोनाच्या वास्तुविशारदाचे (१८८०–१९३५) जन्मघर, आतून पाहता येते. त्यासाठी वेळ आधी ठरवावी लागते.

नदीवरचा लाल लोखंडी जाळीचा पूल आयफेलच्या कंपनीने १८७७ मध्ये बांधला, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्या बारा वर्षे आधी. त्याचे नाव मात्र आयफेलचे नाही. तो "पेइशातेरिएस वेलेस" म्हणजे जुन्या मासळीबाजाराचा पूल. त्याच्या पलीकडच्या गल्ल्यांची नावेही अशीच आहेत : आर्जेन्तेरिया ही चांदीकाम करणाऱ्यांची, बाएस्तेरिएस ही आडवी धनुष्ये (क्रॉसबो) बनवणाऱ्यांची, फेर्रेरिएस ही लोहारांची. पुण्यातल्या तांबट आळीतून फिरलेल्या माणसाला असे शहर परके वाटत नाही. गल्लीची नावे वाचत चला, नकाशा खिशात ठेवा, ही बाईंची सूचना मी नंतर इतर शहरांतही पाळली आहे.

संध्याकाळी तटबंदीवर चढलो. कॅटालोनिया चौकाच्या बाजूने चढून कॅथेड्रलच्या मागे उतरावे, आणि सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघावे, म्हणजे जुन्या शहराची छपरे डाव्या हाताला सोनेरी होत जातात आणि उत्तरेकडे पिरेनीजची रांग दिसते. येथे तिकीट नाही. रोमन काळात "गेरुन्दा" नावाचे हे ठाणे विया ऑगस्टा या राजमार्गावर होते. फ्रान्सकडून येणाऱ्या प्रत्येक सैन्याच्या वाटेत ते येई. म्हणून या शहराला हजार वेढ्यांचे शहर म्हणतात. नेपोलियनच्या सैन्याने १८०९ मध्ये मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत त्याला वेढले आणि अखेर उपासमारीने व रोगराईने खंगलेल्या शहराला शरण जावे लागले. तटावरून चालताना खाली कोणाच्या तरी परसात लिंबे लागलेली होती आणि दोरीवर कपडे वाळत होते.

दुसरा दिवस : रविवार, २१ एप्रिल

रविवारी ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय दुपारपर्यंतच उघडे असते, तर कॅथेड्रलमध्ये सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना दुपारनंतर प्रवेश मिळतो. म्हणून क्रम आपोआप ठरला : सकाळी ज्यूंची जुनी वस्ती, दुपारी कॅथेड्रल.

कार्रेर दे ला फोर्सा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ही वस्ती पसरलेली आहे. कॅटलानमध्ये अशा वस्तीला "काल" म्हणतात. शेवटचा ल किंचित ल्यसारखा उच्चारतात. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि चढ इतका, की निम्म्या गल्ल्या पायऱ्यांच्याच आहेत. तळव्याला घट्ट धरणारे बूट हवेतच. दगड शतकानुशतकांच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत. सकाळी नवाच्या आधी यावे, असे बाई म्हणाल्या होत्या, कारण दहानंतर बसमधून उतरलेले गट येतात आणि त्या अरुंद जागेत थांबून काही पाहणे अशक्य होते. आम्ही साडेआठला तेथे होतो. आमच्या पावलांखेरीज आवाज नव्हता.

एका दाराच्या उजव्या चौकटीत दगडात कोरलेली, बोटभर रुंदीची तिरपी खाच बाईंनी दाखवली. मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी, ठेवण्याची ती जागा. मी रायगड जिल्ह्यात बेने इस्रायली कुटुंबांच्या दारांवर मेझुझा पाहिलेल्या आहेत, त्या घरांतली माणसे माझ्याशी मराठीत बोललेली आहेत. म्हणून ती रिकामी खाच पाहून मला जे वाटले ते तेथील माहितीफलकावर लिहिलेले नव्हते. कोकणात ही माणसे शतकानुशतके निर्भयपणे राहिली. येथे १३९१ मध्ये त्यांच्यावर हल्ले झाले, नंतर वस्तीची दारे-खिडक्या बुजवून त्यांना कोंडण्यात आले, आणि १४९२ मध्ये राजाज्ञेने धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले.

संग्रहालय ज्या इमारतसमूहात आहे त्याला बोनास्त्रुक सा पोर्ता यांचे नाव दिले आहे. हेच नाहमानिदेस, ११९४ मध्ये जिरोनात जन्मलेले वैद्य, धर्मपंडित आणि गूढविद्येचे म्हणजे कबालाचे आचार्य. १२६३ मध्ये बार्सिलोनात राजा पहिला जाउमे याच्यासमोर ख्रिस्ती धर्मगुरूंशी त्यांचा प्रसिद्ध वादविवाद झाला. आपली बाजू त्यांनी इतक्या निर्भीडपणे मांडली, की पुढे त्यांना देश सोडून पवित्र भूमीकडे जावे लागले. संग्रहालयातली हिब्रू अक्षरांच्या थडग्यांच्या शिळांची खोली सावकाश पाहावी. शहराबाहेरच्या मोन्जुइक टेकडीवरच्या दफनभूमीतून त्या आणलेल्या आहेत.

तेथून थोड्या अंतरावर "अरबी स्नानगृह" आहे. नावावर जाऊ नये. ते अरबांनी बांधलेले नाही. ख्रिस्ती राजवटीतच, नाहमानिदेस जन्मले त्याच ११९४ च्या सुमारास, मुसलमानी हमामांच्या धर्तीवर ते उभे राहिले. आठ नाजूक खांबांच्या मधोमध अष्टकोनी कुंड आहे आणि वरच्या झरोक्यातून थेट त्याच्यावर उजेड पडतो. वीस मिनिटांत ते पाहून होते.

कॅथेड्रलसमोरच्या सुमारे नव्वद पायऱ्यांच्या भव्य चढावर आम्ही दुपारी बसलो. २०१५ मध्ये एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेचे चित्रीकरण येथे झाल्यापासून तिच्या चाहत्यांची येथे रीघ असते. बाईंना याच पायऱ्यांवरचे दुसरे एक दृश्य अधिक प्रिय आहे. २९ ऑक्टोबर हा शहराचा संरक्षक संत नार्सिस याचा दिवस. त्याच्या उत्सवात शेजारच्या साल्त गावच्या मनोरा रचणाऱ्या मंडळातले लोक एकाच्या खांद्यावर एक असे चार जणांचे उभे थर लावतात आणि तो खांब मोडू न देता संपूर्ण पायऱ्या चढून जातात. मानवी मनोऱ्यांची ही कॅटलान परंपरा युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली. दहीहंडीबद्दल मी सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तळाच्या लोकांबद्दल : खाली किती जण असतात, आणि ते वर पाहतात का? त्यांच्याकडे तळाच्या गर्दीला "पिन्या" म्हणतात, त्यात कोणीही सामील होऊ शकतो, आणि वर पाहायचे नाही हा तिचा कडक नियम आहे. सर्वांत वर चढून हात उंचावणारे मूल म्हणजे "एन्शानेता". हे सगळे पाहायचे असेल तर ऑक्टोबरच्या अखेरीस यावे, आणि फुलांनी सजलेली अंगणे, जिने, चौक पाहायचे असतील तर मे महिन्यातल्या "तेम्प्स दे फ्लोर्स" या पुष्पोत्सवात. मात्र त्या आठवड्यात गर्दी प्रचंड असते.

आत शिरल्यावर एकच गोष्ट करा, असे त्या म्हणाल्या : दारापाशी उभे राहा आणि खांब शोधा. खांब नाहीत. सुमारे २३ मीटर रुंदीचे ते एकसंध दालन जगातल्या गॉथिक दालनांत सर्वांत रुंद आहे. सर्व शैलींत मिळून त्याच्यापेक्षा रुंद फक्त रोमचे सेंट पीटर्स. मूळ आराखडा तीन दालनांचा होता. एवढे रुंद छत खांबांवाचून टिकेल का, यावर इतके वाद झाले, की १४१६–१७ मध्ये निरनिराळ्या ठिकाणचे वास्तुविशारद बोलावून प्रत्येकाचे मत नोंदवले गेले. बऱ्याच जणांनी तीन दालनांचा सल्ला दिला होता. तरीही एकाच दालनाचा निर्णय झाला, आणि ते छत आजही उभे आहे.

कॅथेड्रलच्या खजिन्यात दोन वस्तू आहेत, आणि घाई असेल तर बाकी सगळे सोडून त्या दोन पाहाव्यात. पहिली म्हणजे "सृष्टीचे वस्त्र". त्याला विणलेला पट म्हणतात, प्रत्यक्षात ते लोकरीच्या धाग्यांनी भरतकाम केलेले, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे कापड आहे. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्याभोवती चक्राकार सृष्टीच्या निर्मितीचे प्रसंग : उजेड आणि अंधार वेगळे होत आहेत, आदाम प्राण्यांना नावे देत आहे, पाण्यात मासे आणि वर पक्षी. कडेला बारा महिन्यांची शेतीची कामे होती, त्यांतली काही आता झिजून गेली आहेत. खोलीत उजेड मंद ठेवलेला आहे, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. बहुतेक लोक त्याआधीच निघून जातात. आम्ही समोर अर्धा तास बसलो. दुसरी वस्तू म्हणजे ९७५ मध्ये पूर्ण झालेले सचित्र हस्तलिखित, "बेआतुस". त्याच्या चित्रकारांपैकी एक एन्दे ही स्त्री होती आणि पोथीच्या शेवटी तिचे नाव "चित्रकर्त्री" म्हणून लिहिलेले आहे. दहाव्या शतकातल्या एका स्त्रीची अशी सही युरोपात फार दुर्मिळ आहे.

उतरताना सान्त फेलिउच्या चर्चपाशी खांबावर चढणारी एक दगडी सिंहीण आहे. तिच्या पार्श्वभागाचे चुंबन घेतल्याशिवाय कोणी जिरोनाचा रहिवासी होत नाही, अशी म्हण आहे, आणि जो प्रवासी ते घेतो तो परत येतो म्हणतात. मूळ बाराव्या शतकातली सिंहीण कला संग्रहालयात आहे, रस्त्यावरची तिची प्रतिकृती. आम्ही हात लावून पुढे गेलो. चर्चमध्ये संत नार्सिसची समाधी आहे. १२८५ मध्ये वेढा घालणाऱ्या फ्रेंच सैनिकांनी तिची विटंबना केली तेव्हा तिच्यातून माशांचे थवे निघाले आणि सैन्याची दाणादाण उडाली, ही आख्यायिका शहरात इतकी लाडकी आहे, की मिठाईच्या दुकानांत चॉकलेटच्या माशा मिळतात.

तिसरा दिवस : सोमवार, २२ एप्रिल

सोमवारी जिरोनाची बहुतेक संग्रहालये बंद असतात. म्हणून बाईंनी तो दिवस बेसालूसाठी राखून ठेवायला सांगितले होते. बसने सुमारे एक तास लागतो. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर थांब्यावर पाहून ठेवावी, कारण संध्याकाळी फेऱ्या कमी असतात.

फ्लुविया नदीवरचा सात कमानींचा पूल मध्येच कोनात वळतो, कारण पायासाठी पात्रातले खडक जसे मिळाले तसे त्याने वळण घेतले. तो बाराव्या शतकातला म्हणतात खरे, पण पुरांनी आणि युद्धांनी तो अनेकदा मोडला. १९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात माघार घेणाऱ्या सैन्याने तो उडवला आणि नंतर तो पुन्हा बांधण्यात आला. गावात ज्यूंचे विधिस्नानाचे कुंड, मिकवे, आहे. १९६४ मध्ये विहीर खणताना ते अकस्मात सापडले. छत्तीस पायऱ्या उतरून त्या थंड, दगडी खोलीत जावे लागते. त्याची किल्ली पर्यटन कार्यालयात असते आणि प्रवेश ठरावीक वेळीच मिळतो, म्हणून गावात शिरताच प्रथम तिकडेच चौकशी करावी.

जवळच्या ज्वालामुखीच्या मातीत पिकणारा सान्ता पाउचा पांढरा, बारीक घेवडा जेवणात होता. तो साधारणपणे सॉसेजबरोबर वाढतात. "सेन्से कार्न" म्हटल्यावर नुसते तेल आणि लसूण घालून आला आणि फार चांगला लागला.

चौथा दिवस : मंगळवार, २३ एप्रिल

सान्त जॉर्दी म्हणजे सेंट जॉर्ज, कॅटालोनियाचा संरक्षक संत. त्याने मारलेल्या ड्रॅगनच्या रक्तातून गुलाबाचे झाड उगवले आणि त्याचे फूल त्याने राजकन्येला दिले, या कथेवरून या दिवशी गुलाब द्यायची जुनी प्रथा आहे. पुस्तक तिच्यात नंतर आले. स्पेनमध्ये ग्रंथदिन प्रथम १९२६ मध्ये ऑक्टोबरात साजरा झाला, १९३० मध्ये तो २३ एप्रिलला हलवला गेला, आणि कॅटालोनियात गुलाब आणि पुस्तक यांची जोडी जमली. युनेस्कोने १९९५ मध्ये हाच दिवस जागतिक पुस्तक दिन म्हणून जाहीर केला. पूर्वी पुरुष गुलाब देत आणि स्त्रिया पुस्तक. आता सगळे सगळ्यांना दोन्ही देतात. सुटी नसते. लोक कामावर जातात, आणि जाता-येता पुस्तके घेतात.

रांब्ला दे ला लिबेर्तात या जुन्या कमानींच्या रस्त्यावर सकाळी नवापासून पुस्तकांची आणि फुलांची टेबले मांडलेली होती. गुलाबाबरोबर गव्हाची एक ओंबी आणि पिवळ्यावर चार लाल पट्ट्यांची कॅटलान फीत बांधलेली असते. शाळेतली मुले वर्गाच्या सहलीच्या पैशांसाठी गुलाब विकत होती. सकाळी या, दुपारनंतर चालायला जागा उरत नाही, असे बाईंनी सांगितलेच होते. त्याशिवाय त्यांनी सांगितले, की गुलाब मुलांकडून घ्या.

जवळच आर्जेन्तेरिया गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांना बांधलेल्या दांड्यावर एक कापडी बाहुला गरागरा फिरत होता. तो तार्ला. शहरात प्लेगची साथ आली, या भागातल्या लोकांना घराबाहेर पडायला बंदी झाली, तेव्हा दांड्यावर कसरती करून त्याने लोकांचे मन रमवले अशी कथा आहे, आणि वसंतातल्या उत्सवात त्याचा बाहुला तेथे टांगतात. जिरोनाचा खास गोड पदार्थ शुशो यालाही याच तार्लाची एक गोष्ट जोडलेली आहे : मिठाईवाल्याच्या मुलीला भेटायला गेलेला तार्ला पिठाच्या पोत्यात लपला, शिंकला आणि पकडला गेला, लग्नाचे वचन देताना त्याने त्या शिंकेच्या नावाचा पदार्थ करून दाखवला. गोष्ट गोष्टीच्या जागी. शुशो १९२० च्या दशकात जिरोनातल्या एका मिठाईवाल्याकडे जन्मला. आत अंडी-दुधाचे घट्ट कस्टर्ड, बाहेर तळलेले कुरकुरीत कवच आणि वर साखर. तो सकाळीच, ताजा घ्यावा. दुपारपर्यंत कवच मऊ पडते आणि त्याची मजा जाते.

पुतणीने मला एक जाड कादंबरी घेऊ पाहिली. मी तिला म्हटले, माझ्या वकुबाप्रमाणे घे. शेवटी बाईंनीच एका टेबलावरून पहिलीच्या मुलांचे अक्षरओळखीचे पुस्तक निवडले, त्यात माझ्यासाठी चार ओळी लिहिल्या, आणि पुतणीने त्या मला वाचून दाखवल्या. हस्ताक्षर मुलांना कित्ता गिरवायला द्यावे तसे, एकेक अक्षर सुटे आणि गोलाकार होते.

संध्याकाळी चौकात कोब्ला म्हणजे सार्दाना नृत्याचे वाद्यपथक बसले. अकरा वादक असतात. त्यांतला एक जण डाव्या हाताने फ्लाबिओल ही छोटी बासरी वाजवतो आणि उजव्या हाताने दंडाला बांधलेल्या चिमुकल्या ढोलावर ठोका धरतो. त्याच्या सुरावटीने नाच सुरू होतो. तेनोरा नावाचे लांब वाद्य सनईच्याच कुळातले आहे, दुहेरी पत्तीचे, आणि त्याचा सूर उघड्या मैदानात तसाच आर्त आणि भेदक लागतो. कॅटलान सार्दाना म्हणजे काही प्रेक्षकांसाठीचा कार्यक्रम नव्हे. चौकात कोणीतरी हात धरतात, वर्तुळ होते, येणारा त्यात शिरतो, ते फार मोठे झाले की दुसरे होते. आखूड पावलांच्या वेळी हात खाली, लांब पावलांच्या वेळी हात खांद्याइतके वर. पावलांची मोजणी अवघड आहे आणि नाचणारे ती मनातल्या मनात अत्यंत काटेकोरपणे करतात, म्हणून चेहरे गंभीर असतात. ते नाराज आहेत असे समजू नये.

वर्तुळात कोठे शिरायचे, हीच बाईंची शेवटची सूचना. पुरुष आणि त्याच्या उजव्या हाताची स्त्री ही जोडी मानतात. त्यांच्यामध्ये कधीही शिरायचे नाही. सराईत, वेगाने नाचणाऱ्यांचे वर्तुळ टाळायचे आणि म्हातारी माणसे व मुले असलेले शोधायचे. "आणि पिशवी हातात ठेवायची नाही," त्या म्हणाल्या. सगळे जण आपापले कोट, पिशव्या, त्या दिवशी घेतलेली पुस्तके वर्तुळाच्या मध्यभागी जमिनीवर ठेवतात. मी अक्षरओळखीचे पुस्तक आणि गुलाब माझ्या शबनम पिशवीत घातला, ती त्या ढिगावर ठेवली, आणि एका आजोबांनी न बोलता हात पुढे केला तो धरला.